मृतेचे मौन आणि निवेदकाचा अधिकार
डिसेंबर २०१८ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे एकटीने प्रवास करणाऱ्या एका ब्रिटिश तरुणीचा खून झाला. तपासात सीसीटीव्हीच्या चित्रणातून तिच्या अखेरच्या संध्याकाळचा क्रम जुळवता आला. परंतु हॉटेलच्या लिफ्टमधून ती बाहेर पडते, तेथे तिच्यापुरता हा दृश्य पुरावा थांबतो. खोलीत काय घडले याचा निवेदक एकच उरला : आरोपी. मृत्यू तिच्या संमतीने झालेल्या कृतीतून ओढवला, असा बचाव २०१९ च्या खटल्यात करण्यात आला आणि तिचे खाजगी आयुष्यच चर्चाविषय झाले. ज्युरीने आरोपीला दोषी ठरवले. नैतिक प्रश्न मात्र उरतोच. निवेदक एकमेव असल्याने विश्वसनीय ठरत नाही, हे कादंबरीचा वाचक जाणतो. मृतेच्या मौनातून संमती वाचणारा तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करतो.