पाहुणा आपला, मेंढी कोणाची?



सांगली जिल्ह्यात कडेगाव, पलूस आणि वाळवा या तालुक्यांच्या सीमेवर सागरेश्वर अभयारण्य आहे. देवराष्ट्रे गावाजवळचे हे डोंगर एकेकाळी उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडे लागली, आणि १९८५ साली सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या या टापूला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथले बरेच प्राणी बाहेरून आणून सोडलेले आहेत. बारमाही पाणी नाही, म्हणून पाणवठेही माणसानेच सांभाळायचे.

हे कोरडे, पानझडीचे जंगल आहे. उन्हाळ्यात पाने झडली की ते मेल्यासारखे दिसते. अशा जमिनीला आपण सहज 'पडीक' म्हणतो, आणि एकदा पडीक म्हटले की ती काढून घ्यायला कोणाचीच हरकत उरत नाही. पण पहिल्या पावसाबरोबर तेच रान पुन्हा उभे राहते. चितळ, सांबर, काळवीट त्याच्याच आधाराने जगतात.

हे प्राणी जपायचे कशासाठी? केवळ आपल्याला उपयोगी पडतात म्हणून नव्हे. संत थॉमस अक्विनास यांनी शिकवले की परमेश्वराचा चांगुलपणा एका जीवात मावत नाही, म्हणून त्याने नाना जाती निर्माण केल्या. त्यातली एक जात नष्ट झाली, तर त्या चांगुलपणाची एक खूण पुसली जाते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बाग सोपवली, ती मशागतीसाठी आणि राखणीसाठीही.

इथपर्यंत आपण सारे सहमत होऊ. खरा प्रश्न पुढे आहे. हरणाला शेताचा बांध कळत नाही. ते बाहेर पडले की ज्वारीत, उसात शिरते. राखणीसाठी रात्र जागवतो तो अभयारण्याला लागून शेती असलेला शेतकरी. सुट्टीत हरणे पाहून घरी परतणाऱ्याचे एक कणीसही जात नाही.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट आठवते. श्रीमंताच्या घरी पाहुणा आला. त्याने स्वतःचा कळप राखला आणि गरिबाची एकुलती एक मेंढी कापली. पाहुणचार करणे हे पुण्यच. तो दुसऱ्याच्या मेंढीवर केला, हा अन्याय. वन्यजीवांच्या बाबतीत हाच विचार करायला हवा. हरणाला जागा देणे हे योग्यच, पण तिची सारी किंमत एकाच्या ताटातून काढली, तर ते दान आपले राहत नाही.

पश्चिमेला सह्याद्रीतही हाच प्रश्न आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा-सांगलीच्या या डोंगरात जंगल राखले जावे म्हणून कित्येक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडली. वाघासाठी मोकळी झालेली जागा ही त्यांनी दिलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

मग शेतकऱ्यासाठी जंगल मोडावे काय? नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितले. एकाला गप्प करून दुसऱ्याचे भले होत नाही. ज्या शेतकऱ्याला एकट्याने नुकसान सोसावे लागते, तो उद्या जंगलाचा वैरी होईल, आणि त्याला दोष देणे कठीण जाईल.

म्हणून जंगलावर प्रेम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मागावी. कुंपण दुरुस्त असावे, उन्हाळ्यात पाणवठे भरलेले असावेत, पिकाच्या नुकसानीचा पंचनामा वेळेवर होऊन भरपाई हातात पडावी. हा खर्च सर्वांच्या करातून होतो, म्हणजे राखणीत सर्वांचा वाटा पडतो. शेतकऱ्याची ही मागणी हरणाच्याही हिताची आहे.

या आठवड्यात आपण स्वतःला एवढेच विचारू या : सृष्टीच्या पाहुणचारासाठी आपल्या कळपातून आपण काय दिले?