खोली कोणाला द्यायची?

म्युनिकमध्ये आमच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी झाली. जाहिरात टाकल्यावर तीन तासांत १४० मेसेज आले, तेव्हा आम्ही ती काढूनच टाकली. दीड वर्षापूर्वी असल्याच १४० मेसेजांमधला एक मेसेज माझा असायचा.

२०२१च्या ऑक्टोबरमध्ये मी तिथे मास्टर्सला गेलो. जर्मनीत विद्यार्थ्याला राहण्यासाठी मुख्यतः दोन वाटा असतात. एक सरकारी आधाराची वसतिगृहं. म्युनिकमध्ये १९७२च्या ऑलिंपिकच्या खेळाडूंसाठी वसवलेल्या गावातही विद्यार्थी राहतात. भाडं कमी, पण वेटिंग लिस्ट काही सेमिस्टरची. तोपर्यंत डिग्री संपत आलेली असते. दुसरी वाट 'वेगे'ची, म्हणजे तिघाचौघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटची. घरमालक कुठेतरी लांब असतो. नवा माणूस कोण येणार हे बहुतेक वेळा आत राहणारेच ठरवतात. त्यासाठी स्वयंपाकघरात बसवून गप्पा मारतात. या प्रकाराला तिथे सरळ 'कास्टिंग' म्हणतात.

मला नवव्या कास्टिंगला खोली मिळाली. आधीच्या आठ ठिकाणांहून आलेलं उत्तर साधारण सारखंच होतं: तू छान आहेस, पण आम्ही दुसऱ्या कोणाला तरी निवडलंय. ते दोन महिने मी एका मित्राच्या वसतिगृहातल्या खोलीत जमिनीवर झोपलो. सकाळी गादी गुंडाळून कपाटात, कारण केअरटेकरला दिसायला नको. बँकेच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ८६१ युरो निघायचे, त्यामुळे हॉटेलचा विचारही शक्य नव्हता.

आणि प्रश्न फक्त झोपण्याचा नसतो. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि २०१५पासून त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. पत्ता नोंदलेला नसला की रेसिडेन्स परमिटपासून पुढची सगळी कामं अडकतात. पत्ता नाही तर तुम्ही कागदोपत्री जवळजवळ नाहीच.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही दीड वर्षाने टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्यावर मी काय केलं, ते सांगतो.

शेवटी दोघं उरले. एक ऑस्ट्रियाची मुलगी. ती आली आणि पाच मिनिटांत आम्ही तिघंही हसत होतो. दुसरा सोलापूरचा मुलगा. इंग्रजी अडखळत. पार्ट्या आवडतात का, असं विचारल्यावर म्हणाला, "फारशा नाही. पण भांडी वेळेवर घासीन." जाताना दारात मला मराठीत म्हणाला, "दादा, हॉस्टेलचं बुकिंग अजून बारा दिवस आहे. बघा जमलं तर."

माझ्या दोन्ही फ्लॅटमेट्सनी निर्णय माझ्यावर सोडला. तुझ्याकडचा आहे, तुला जास्त कळेल, म्हणाले.

मी म्हणालो, तिच्याशी आपली वाइब जास्त जुळते.

खरं कारण वेगळं होतं. दोन मराठी एका घरात आले की फोडणीचा वास दुप्पट होईल, स्वयंपाकघरात मराठी बोललं जाईल, आणि 'मी काही तसा टिपिकल इंडियन नाही' ही दीड वर्षात कमावलेली ओळख जाईल, असं मला वाटलं. लाज त्याची नव्हती, माझीच होती. त्याला मी तेच वाक्य पाठवलं, जे मला आठ वेळा आलं होतं. नंतर कळलं, त्याने शहराबाहेर एक खोली घेतली. तिथे पत्ता नोंदवायला परवानगी नव्हती.

मी चूक केली का? लगेच हो म्हणू नका. ज्याच्याबरोबर फ्रिज आणि बाथरूम वाटून घ्यायचं, तो माणूस निवडण्याचा हक्क असायलाच हवा. जर्मन कायदाही हे मान्य करतो. तिथे २००६पासून घर देताना वंश किंवा धर्म बघून भेदभाव करायला बंदी आहे. पण देणारा आणि घेणारा यांच्यात खास जवळीक किंवा विश्वासाचं नातं येत असेल, उदाहरणार्थ घरमालक त्याच आवारात राहत असेल, तर ही बंदी लागू होत नाही. थोडक्यात, कायदा स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबतो. आत काय करायचं ते आपल्या विवेकावर.

२०२४मध्ये मी पुण्याला परतलो. ऑफिसातला एक सहकारी आणि मी मिळून फ्लॅट शोधत होतो. त्याने ब्रोकरला फोन केला. फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, आडनाव काय. त्याने मुस्लिम आडनाव सांगितलं. "अरे, तो फ्लॅट कालच गेला." तासाभराने मी फोन केला तर फ्लॅट रिकामा होता. मी भयंकर चिडलो, ब्रोकरला वाटेल ते बोललो. रात्री झोप येईना, कारण सोलापूरचा तो मुलगा आठवत होता. 'कालच गेला' आणि 'वाइब जुळली नाही' या दोन वाक्यांत मला फरक सापडेना. दोन्ही वाक्यं एकच काम करतात, खरं कारण झाकण्याचं.

इमान्युएल कांटने १७९५मध्ये शाश्वत शांततेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. परक्या माणसाला दाराशी कसं वागवावं याचा विचार त्यात आहे. परक्याला नकार देता येतो, असं तो म्हणतो, पण त्या नकाराने त्याचा नाश होणार नसेल तरच. त्याच पुस्तकात आणखी एक कसोटी आहे: दुसऱ्याच्या हक्काशी संबंधित कृतीमागचं जे तत्त्व उघडपणे सांगता येत नाही, ती कृती अन्यायाची. त्याच्यासमोर राज्यं आणि राजकारण होतं, पण खोली देतानाही ही कसोटी चालते. तू सिगारेट ओढतोस, हे तोंडावर सांगता येतं. तुझ्या तारखा जुळत नाहीत, हेही. तुझ्यामुळे मला माझी लाज वाटते, हे नाही.

यावर कोणी म्हणेल, काही घरमालक तर बिनदिक्कत तोंडावर सांगतात, तुमच्या लोकांना देत नाही. मग ते न्यायी झाले का? नाही. म्हणून नुसतं सांगता येणं पुरत नाही. तेच कारण सांगून उद्या मला कोणी नाकारलं तर मी ते मान्य करीन का, हेही विचारायला हवं.

आणि वाइब? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी माझा रूममेट हॉस्टेलच्या क्लार्कने ठरवला होता. नोटीस बोर्डावर यादी, यादीत माझ्या नावापुढे खोली नंबर आणि त्याचं नाव. कास्टिंग असतं तर मी त्याला पाच मिनिटांत नाकारलं असतं. आज तो माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे. उलट, हसवणारी ती मुलगी चार महिन्यांत दुसरीकडे गेली. दोष तिचा नव्हता. माणूस कसा आहे हे अर्ध्या तासात कळतं, हा आमचाच गैरसमज होता.

मैत्रीत आवडनिवड चालते, कारण माझी मैत्री नाही मिळाली तर कोणी रस्त्यावर येत नाही. छप्पर तसं नाही. ज्या शहरात खोल्या कमी आणि माणसं जास्त, तिथे किल्ली हातात असणाऱ्याची आवडनिवड थोडी आखडायला हवी.

म्युनिक सोडताना माझी खोली रिकामी होणार होती. मी सुचवलं, भाडं, तारखा, सिगारेट एवढंच बघू आणि उरलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकू. दोघंही हसले, नाहीच म्हणाले. मग एवढंच मान्य करून घेतलं की कास्टिंगला बोलावून ज्यांना नाकारू, त्यांना खरं कारण कळवायचं. सहा जणांना लिहायला बसलो. तिघांच्या बाबतीत लिहिता येईल असं कारणच सापडलं नाही. त्यांना परत बोलावलं.

सोलापूरच्या मुलाला अजून मी खरं कारण सांगितलेलं नाही. त्याचा नंबर माझ्याकडे आहे.