गप्प राहून कित्ता
आजचं वचन: १ तीमथ्य ४:१२

बोलण्यात, वागण्यात, प्रीतीत, विश्वासात कित्ता हो, असं पौल तरुण तीमथ्याला सांगतो. वाद जिंक, असं नाही.

१८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई जुन्या धर्मावर ठाम. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांचं सोवळं वेगळंच. टिळकांनी ते चालू दिलं. (माणूस तसा तापट, ‘स्मृतिचित्रे’ वाचा!) १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

आणि मी? भावाने दोन रविवार चर्च चुकवलं, तर लालबागहून दादरपर्यंत बसमध्ये त्याला ऐकवत होतो. उतरताना त्याने विचारलं, “दादा, तू घरी शेवटची प्रार्थना कधी केलीस?”

उत्तर नव्हतं.

प्रभू, आज रात्री लॅपटॉप मिटायला मला मदत कर. आमेन.