पाण्यापर्यंत नेणारे कोणी हवे



आज आगमनकाळाचा पहिला रविवार. उद्या १ डिसेंबर, जागतिक एड्स दिन. त्या निमित्ताने योहानकृत शुभवर्तमानातील (५:१-९) एका आजारी माणसावर आपण मनन करू या.

यरुशलेममधील बेथेसदा तळ्याच्या काठी हा माणूस पडून होता. ३८ वर्षे तो आजारी होता. पाणी हलल्यावर जो प्रथम उतरेल तो बरा होतो, अशी लोकांची श्रद्धा होती. प्रभू येशूने विचारपूस केली, तेव्हा त्याने दुखण्याचे गाऱ्हाणे सांगितले नाही. आपल्याला पाण्यात उतरवणारे कोणी नाही, हेच त्याचे दुःख होते. उपाय समोर होता, पण सोबत माणूस नव्हता.

भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ साली आढळली. तेव्हा निदान म्हणजे मरणच, असे वाटे. १ एप्रिल २००४ पासून सरकारने काही मोजक्या रुग्णालयांत मोफत एआरटी औषधे द्यायला सुरुवात केली. आज ती आपल्या जालन्याच्या जिल्हा रुग्णालयातही मिळतात. वेळीच उपचार सुरू करून नियमित गोळ्या घेणारा माणूस आता म्हातारपण पाहू शकतो. तपासणीत विषाणू सापडू नये इतका तो दबलेला राहिला, तर पती-पत्नीच्या संबंधातूनही लागण होत नाही. ही देवाची कृपाच आहे.

पण म्हातारपण एकटे येत नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, ठिसूळ हाडे ही दुखणी एचआयव्हीसह जगणाऱ्यांना लवकर गाठू शकतात. गोळी मोफत आहे; मंठा-परतूरच्या खेड्यातून जालन्याला येताना बुडणारी रोजंदारी कोण भरून देणार? ऊसतोडीला गेल्यावर गोळ्या संपल्या तर? आणि रांगेत ओळखीचे कोणी दिसले तर?

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. मानवी प्रतिष्ठेवर आम्ही पानेच्या पाने लिहीत असू. एकदा अशाच एका आजाऱ्याच्या घरी गेलो. चहा आला. पोट बरे नाही, असे सांगून आम्ही तो टाळला. चहातून हा आजार होत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. त्या माउलीने काही न बोलता कप आत नेला. तो कप आम्ही अजून विसरलो नाही.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचारांत वा नोकरीत भेदभाव करण्यास त्यानुसार मनाई आहे, आणि संमतीशिवाय कोणाची ही बाब उघड करता येत नाही. म्हणून आपल्या धर्मग्रामात असे कोण आहे, याचा शोध घेऊ नका. त्याऐवजी आपल्या वस्तीतील प्रत्येक एकट्या वृद्धाकडे जा. आजार कोणता, हे विचारू नका. दवाखान्याच्या दिवशी सोबत जा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधित निराधारांनाही स्थान आहे. कोणी मदत मागितली, तर अर्ज भरून द्या. सर्वांच्याच दारी गेलो, तर कोणा एकाकडे बोट दाखवले जाणार नाही. आणि चहा आला, तर तो घ्या.

प्रभू त्या आजाऱ्याच्या बोलावण्याची वाट पाहत थांबला नाही. तो स्वतःच त्याच्याजवळ गेला. येणाऱ्या प्रभूची वाट पाहताना आपणही उठू या आणि कोणाच्या तरी दारी जाऊ या.

प्रार्थना करू या : हे प्रभो, तळ्याकाठी एकटे पडलेल्यांना सोबत दे, आणि ती सोबत होण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.

आपला धर्मगुरू