पहिलं नाव

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गेलं. माड-पोफळी आडव्या झाल्या, वीज गेली, फोन मुके झाले. त्याला दहा दिवस होतात न होतात तोच, २५ मे रोजी आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी अठरा जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यात रत्नागिरी होता. बाधित माणसाने आता घरी राहायचं नाही, कोविड केंद्रात जायचं.

पुढचं बोलणं त्याच आठवड्यातलं, राजापूर तालुक्यातल्या नाटे गावच्या एका पडवीतलं. माणसं मी उभी केली आहेत. पेच मात्र तेव्हा घरोघर होता. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, आणि त्यांच्याच हाताखाली शिकून आता गावची आशा सेविका झालेली बाई. गुरुजींची थोरली बहीण, आक्का, आतल्या खोलीत निजलेली आहे. सत्तरी उलटलेली.

गुरुजी : बाय, आत येऊ नको, इथे पडवीतच बस. आक्काला कालपासून कणकण आहे. पडलेल्या झावळ्या ओढायला चिखलात उतरली होती. आपल्याकडे लेप्टो आहे, डेंग्यू आहे. ताप आला म्हणजे कोरोनाच, असं कसं म्हणायचं?

आशा : नुसत्या तापावरून नाहीच म्हणता येत. लेप्टोमध्येही अंग मोडून येतं, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. म्हणून तर तपासायचं. खोकला?

गुरुजी : थोडा. कोरडा.

आशा : आणखी काही वेगळं?

गुरुजी : परवा बरका फणस फोडला. रस्त्यापर्यंत घमघमाट. आक्का तेलाचे हात करून गरे काढत बसली होती, नि मध्येच म्हणाली, “यंदा फणसाला वासच कसा नाही रे?” नाक चोंदलेलं नव्हतं.

आशा : मग गुरुजी, तुम्हाला कळलंय.

गुरुजी : कळलंय. म्हणूनच तुला बोलावलं, आणि म्हणूनच एक मागणं आहे. दोन दिवस नाव लिहू नको.

आशा : दोन दिवसांनी काय होणार?

गुरुजी : ताप उतरेल. नाही उतरला तर लिही. ती या घराबाहेर कधी निजलेली नाही. तिकडे नेल्यावर जवळ घरचं कुणी नसतं. म्हातारं माणूस आजारापेक्षा त्यानेच खचतं.

आशा : ते मी खोटं म्हणणार नाही. पण नाव लिहिलं नाही तर मी या दारात कोणत्या नात्याने येऊ? रात्री वाकडं झालं तर १०८ला काय सांगू? गाडी यायला लागणारा वेळ तुम्हाला ठाऊक आहे. आणि दिवस तापापासून मोजू नका, फणसापासून मोजा. पाचव्या ते दहाव्या दिवसात हा आजार उलटतो. तुम्ही मागताय ते दोन दिवस नेमके त्याच्या उंबरठ्यावर संपतात.

(तिने ऑक्सिमीटर पुसून दारातून आत सरकवला. आक्काचा हात गार होता, तो चोळून ऊबदार केल्यावर बोट घातलं. मिनिटभराने आकडा स्थिरावला, ९६. मग खोलीतच तीन मिनिटं चालायला लावलं. सहा मिनिटांची चाचणी साठीच्या वरच्यांना तीन मिनिटांची करायची, असं त्या वर्षी सांगितलं जात होतं. चालून झाल्यावर ९४.)

गुरुजी : ठीक आहे ना?

आशा : आत्ता ठीक. ९३च्या खाली गेला असता किंवा तीनपेक्षा जास्त उतरला असता, तर मी तुमचं ऐकूनच घेतलं नसतं.

गुरुजी : पेपरात होतं, सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी आहे त्याहून जास्त दाखवतं म्हणे.

आशा : म्हणून छातीकडेही बघायचं. घड्याळ लावून मिनिटाचे श्वास मोजा. चोविसाच्या वर गेले, ओठ निळसर दिसले, बोलताना वाक्य तुटायला लागलं, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर आकडा काहीही असो, थांबायचं नाही.

गुरुजी : म्हणजे आज थांबता येतं.

आशा : आजारापुरतं येतं. गावापुरतं नाही.

गुरुजी : गावाचं नाव नको काढू. गेल्या वर्षी चाकरमानी आले, शाळेत ठेवले, तर त्या वाटेने पोरंसुद्धा फिरकत नव्हती. नाव फुटलं की विहिरीवर बोलणं बंद. मला त्याचं भय आहे, लपवत नाही.

आशा : ते भय प्रत्येक घरात आहे. प्रत्येक घर दोन दिवस मागतंय. कोणी पॅरासिटामॉल घेऊन ताप दाबतंय, मी दारात आले की “सगळे बरे आहेत” म्हणतंय. तुमच्या घरचं नाव पहिलं आलं, तर बाकीच्यांची जीभ सुटेल. तुम्हाला अख्खं गाव मानतं.

गुरुजी : आणि त्या मानाची किंमत आक्काने भरायची? उदाहरण मी घालून द्यायचं नि गाडीत ती बसायची?

आशा : याला माझ्याकडे उत्तर नाही, गुरुजी.

मला इथे थांबावंसं वाटतं. आजार लपवणाऱ्याला आपण त्या दिवसांत सरसकट बेजबाबदार म्हणून मोकळे झालो. पण लक्षण ओळखायला डोळे लागतात, ते सांगायला ऐकणारं गाव लागतं. कोकणात गावकीने घरं वाळीत टाकल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला; २०१६ साली विधिमंडळाने तो संमत केला. ज्या मुलखाला ही आठवण आहे, तिथे ताप सांगणं ही नुसती आरोग्याची बाब राहत नाही. आशा सेविका बरोबर आहे, असं माझं मत आहे. तरीही गुरुजींचा शेवटचा प्रश्न मला टाळता येत नाही: दुसऱ्याच्या देहावर आपण तत्त्व पाळतो, तेव्हा ते कोणाचं असतं?

आशा : तुम्ही आक्कांना विचारलंत?

गुरुजी : तिला कशाला घाबरवायचं?

आक्का : (आतून) बहिरी नाही झाले मी. वास गेलाय, कान नाहीत गेले.

गुरुजी : आक्का, तू पडून राहा.

आक्का : पडूनच आहे. फणस काढायला माझ्याजवळ कोण बसलं होतं, आठव. शेजारची सून. पोटुशी पोर, तोंडाला तोंड लावून गप्पा मारत होतो. तिला कोण सांगणार?

(गुरुजी काही बोलले नाहीत. दोन दिवसांच्या हिशेबात ती मुलगी कुठेच नव्हती.)

आशा : आक्का, नाव लिहिलं तर केंद्रात जावं लागेल.

आक्का : जाईन. माझा डबा, माझं पांघरूण नि फोन बरोबर द्या. आणि गाडी दारात उभी राहायच्या आधी शेजारी याने स्वतः सांगायचं. गाडी बघून कळलं की माणसं दारं लावतात. आधी सांगितलं तर निदान विचारतील तरी.

गुरुजी : आणि नाही विचारलं तर?

आक्का : तर तू आहेस ना इथे. वर्गात पन्नास पोरांना दटावत होतास, चार घरांशी बोलता येत नाही?

आशा : गुरुजी, तुम्हीही बाधित असाल असं धरून चला. गडग्याच्या अलीकडूनच बोला, मास्क लावून. सुनेला सातवा सरलाय, माझ्या वहीत आहे. तिला म्हणावं घाबरू नको, पण जेवण-झोपणं वेगळं कर. ताप आला, धाप लागली, पोटात बाळाची हालचाल कमी वाटली, तर माझी वाट न बघता निघायचं.

गुरुजी : तिची तपासणी?

आशा : आक्कांबरोबर तिचीही नोंदवते. तुमचीसुद्धा. आधार कार्डं काढून ठेवा, मी घरी जाऊन हातपाय धुऊन येते.