कुरतडलेलें पान

श्रावणांत आमच्या घरीं एक जुना वाद दरवर्षीं नव्यानें उभा राहतो. वादाचा विषय परसांतलें कढीलिंबाचें झाड. पाऊस स्थिरावला कीं त्याच्या कोंवळ्या पानांवर पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या काळपट-पांढऱ्या अळ्या दिसूं लागतात. थोड्याच दिवसांत त्या हिरव्यागार व करंगळीएवढ्या होतात, आणि काडीनें डिवचल्या तर डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतात. ज्या फांदीवर त्या बसतात तिच्यावर पानांच्या शिरा तेवढ्या उरतात. आमच्या सौभाग्यवती त्यांस एका डब्यांत वेंचून रस्त्यापलीकडे टाकून देत, आणि त्यांच्या बाजूनें पाहिलें तर त्यांत गैर कांहींच नव्हतें. फोडणीकरितां लावलेलें झाड. त्याचीं पानें फोडणीलाच मिळूं नयेत, हा कोठला न्याय?

या अळ्या लिंबावरच्या फुलपाखराच्या. त्याच कुळांतलें, काळ्या मखमलीवर निळें पाणी दिल्यासारखें एक मोठें फुलपाखरूं आहे. त्यास नीलवंत म्हणतात. 2015 सालीं महाराष्ट्र सरकारनें त्यास राज्यफुलपाखराचा मान दिला. त्याच्याहि अळ्या लिंबाच्या वर्गांतल्या झाडांवरच वाढतात. म्हणजे ज्याचें चित्र शाळेच्या भिंतीवर लावावयाचें, त्याच्याच लेकरांकरितां बागाइतदारानें फवारणीचा पंप भरावयाचा, असा हा व्यवहार आहे. फुलपाखरूं सर्वांस हवें, अळी कोणासच नको. परंतु अळीवांचून फुलपाखरूं नाहीं, आणि पान खाल्ल्यावांचून अळी नाहीं. बागेंत फुलपाखरें यावींत असें ज्यास वाटतें त्यानें कुरतडलेल्या पानास संमति दिली पाहिजे. इथपर्यंत सर्व बागकामाचें शास्त्र झालें. ही संमति आपण कां द्यावी, हा प्रश्न मात्र नीतीचा आहे, आणि त्याचें उत्तर आम्हांस वाटलें होतें तितकें सोपें निघालें नाहीं.

नेहमीचें उत्तर उपयोगाचें असतें. मधमाश्या, भुंगे, फुलपाखरें परागीकरण करितात. तीं गेलीं तर पिकें बुडतील. सबब आपल्या भूमींतलीं झाडें लावून त्यांस जगवा. हें खोटें नाहीं. स्वयंपाकघरामागच्या वांग्याच्या वाफ्याजवळ सकाळीं बसून पाहावें. काळा भुंगा फुलास मिठी मारून अंग थरथरवितो, आणि त्या कंपानें परागकोशाच्या टोकाच्या छिद्रांतून पराग झडतो. मधाची माशी एवढी गाजलेली, पण तिला ही विद्या येत नाहीं. शिवाय संकटहि काल्पनिक नाहीं. जर्मनींत क्रेफेल्ड येथील हौशी कीटकाभ्यासकांनीं वर्षानुवर्षें जपलेल्या नमुन्यांवरून 2017 सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, तेथील संरक्षित क्षेत्रांत उडणाऱ्या कीटकांचें एकूण वजन 27 वर्षांत तीनचतुर्थांशांहून अधिक घटलें.

तथापि हें उत्तर आमच्या गांवीं आणून पाहिलें म्हणजे लंगडूं लागतें. आमचें कोरेगांव म्हणजे साताऱ्याच्या पूर्वेचें, पुणें-मिरज रेल्वेवरचें; भीमेकाठचें कोरेगांव निराळें. सह्याद्रीचा पाऊस साताऱ्यापर्यंत येतां येतां दमतो आणि आमच्या वांट्यास उरलासुरला येतो. तालुक्याचें भूषण वाघ्या घेवडा. 2016 सालीं त्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. पण घेवड्याचें फूल आपलें आपणच फळतें, त्यास माशीची फारशी गरज नाहीं. ऊस कांडीपासून होतो, आलें कंदापासून. ज्वारीस वारा पुरतो, गव्हास तोहि लागत नाहीं. सूर्यफूल, दोडका, भोंपळा, कांद्याचें बीं यांची गोष्ट वेगळी. परंतु गांवाच्या जमाखर्चाचा मोठा आकडा ज्या पिकांचा, तीं पिकें कीटकांचीं मिंधीं नाहींत. केवळ नफ्याच्याच वहींत नोंद करावयाची तर कोरेगांवच्या मधमाशीस उद्यां सकाळीं निरोप देतां येईल. ज्यांस मधमाशीचें महत्त्व मनापासून वाटतें ते हाच मुद्दा पुढें करितात, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. कारण माशीची जागा ते तिच्या पगारावर उभी करून ठेवितात.

मग दयेचा आधार घ्यावा काय? बेंथॅमनें 1789 सालच्या आपल्या ग्रंथांत मनुष्येतर प्राण्यांचा प्रश्न वेदनेवर नेऊन ठेविला. कांटनें जनावरांविषयीं आपलें साक्षात् कर्तव्य मानलेंच नाहीं; त्यांच्याशीं क्रूरपणें वागलें तर माणसांशीं वागण्याची वृत्तिहि बिघडते, एवढेंच त्याचें म्हणणें. हे दोघे आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविले. पण कढीलिंबाखालीं दोघांचाहि उपयोग होईना. अळीस वेदना किती, हें सांगणें कठीण. आणि दया करावी म्हटलें तर कोणावर? या अळ्यांपैकीं बहुतेक जणी बुलबुलाच्या, गांधीलमाशीच्या किंवा कोळ्याच्या तोंडीं जातात. बुलबुलाचीं पिलें अळ्यांवरच तर पोसावयाचीं. तेव्हां एकेका अळीचा जीव वांचविणें हा आमचा हेतु असूंच शकत नाहीं. अळीनें खावें आणि अळीस कोणी खावें, या दोन्ही गोष्टी जेथें घडूं शकतील अशी थोडी जागा असावी, एवढाच तो हेतु. दया व्यक्तीवर करितां येते. अशा गुंतागुंतीच्या संसारावर दया करणें म्हणजे काय, तें आम्हांस तरी उमगत नाहीं.

या विचारांत असतां एक जुनें स्थळ आठवलें. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत गृहस्थाच्या घरांतलीं पांच हिंसास्थानें सांगितलीं आहेत: चूल, जातें, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. त्या ग्रंथाचीं सामाजिक विधानें आज कोणाहि विचारी मनुष्यास मान्य होणार नाहींत, आम्हांसहि नाहींत. परंतु हें स्थळ विचार करण्याजोगें आहे. यांतली एकहि वस्तु शस्त्र नाहीं. सगळ्या निरुपद्रवी, रोजच्या, घरच्या लक्ष्मीच्या हातच्या. कोणाचें वाईट करावें अशी इच्छा मनांत नसतांहि नुसतें घर चालविल्यानें जीव मरतात, आणि त्याचें कांहीं देणें घरावर चढतें, ही त्यांतली कल्पना. पंचमहायज्ञ त्या दोषाच्या निरसनार्थ सांगितले, आणि त्यांपैकीं भूतयज्ञांत किड्यामुंग्यांसाठींहि अन्न ठेवावयाचें. मुंगी उपयोगाची आहे म्हणून तिला घांस घालावा असें तेथें म्हटलेलें नाहीं. आपल्या केरसुणीखालीं ती सांपडली आहे, म्हणून घालावयाचा.

आमच्या घरीं जातें आतां नाहीं, उखळहि माळ्यावर आहे. त्यांच्या जागीं दुसरीं हिंसास्थानें आलीं, आणि त्यांतलें सर्वांत मोठें आम्हीं स्वतः बांधलें. बारा वर्षांपूर्वीं आमच्या आवारास निर्गुडी, रुई आणि सागरगोट्याचें जुनें कुंपण होतें. गुरें शिरत नसत, पण तें दिसे गांवंढळ. पाहुण्यांस दाखवितांना संकोच वाटे. आम्हीं तें खणून काढून भिंत घातली, आंत हिरवळ लाविली, फाटकावर बोगनवेल चढविली. काम झालें त्या दिवशीं आम्हीं फार प्रसन्न होतों. कुंपणांतल्या वाळक्या लांकडांत भुंग्यांनीं भोंकें पाडून घरें केलीं होतीं. तीं लांकडें बंबांत गेलीं. पुढच्या पावसाळ्यांत आवार नीटनेटकें दिसलें, आणि एके दुपारीं ओसरीवर बसलों असतां ध्यानांत आलें कीं कसलाच गुंजारव येत नाहीं. ही शांतता आम्हीं पैसे देऊन आणविली होती. ज्यांचें घर मोडलें त्यांच्यासाठीं पुन्हां चार झाडें लावणें यास दान म्हणण्याची आम्हांस लाज वाटते. कर्जाच्या हप्त्यास कोणी दान म्हणत नाहीं.

आतां हीं चार झाडें कोणतीं? अलीकडे ‘देशी झाडें लावा’ असा घोष सर्वत्र ऐकूं येतो, आणि आम्हीहि तो करितों. परंतु या शब्दास जपून हात लावावा. बोगनवेल ब्राझीलची, सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे, दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा, देवळापुढचा चाफा अमेरिकेचा. फार कशाला, आमच्या त्या मानांकित घेवड्याच्या पूर्वजांचेंहि माहेर अमेरिकाच. जन्मस्थानावरून झाडांस हांकलूं लागलों तर देवपूजा आणि आमटी दोन्ही अडतील. आणि हा शुद्धतेचा सोस कोठवर जातो याचेंहि उदाहरण आहे. 1942 सालीं नाझी जर्मनींत वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका गटानें मध्य आशियांतून आलेल्या एका लहानफुली तेरड्याच्या उच्चाटनाची मोहीम मांडली, आणि तिची तुलना बोल्शेविकांविरुद्धच्या लढ्याशीं केली. त्याच वेळीं त्या देशांत माणसांचें काय चाललें होतें, हें वाचकांस ठाऊक आहे. तेरड्याच्या जातभाईवर हा प्रसंग आला हें वाचून, गौरीला तेरडा आणणाऱ्या आम्हां लोकांस विशेष वाईट वाटावें.

म्हणून झाड कोठून आलें यापेक्षां तें कोणाच्या उपयोगीं पडतें, हें आम्ही पाहूं लागलों. देवचाफा रात्रीं सुवासानें पतंगांस बोलावितो आणि मधाचा थेंबहि न देतां परत धाडतो. घाणेरीवर फुलपाखरांची झुंबड उडते. त्यांस तेथें जेवण मिळतें, पण बाळंतपण होत नाहीं, कारण तिचें पान बहुतेक अळ्यांस चालत नाहीं. बोगनवेलीचें पान आमच्या आवारांत आजवर कोणी तोंडांत धरलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. उलट रुई पाहा. उकिरड्यावरचें झाड, चीक विषारी. शनिवारीं जरंडेश्वरास जाणारीं माणसें मारुतीकरितां तिच्या पानांची माळ नेतात, तेवढाच तिचा मान. पण भुंगा तिच्या फुलांचें परागीकरण करितो. आणि नारिंगी पंखांचें, काळ्या किनारीचें एक फुलपाखरूं तिच्यावर अंडीं घालतें. त्याच्या अळ्या तो चीक पचवून स्वतः कडू होतात, मग पक्षी त्या फुलपाखरास सोडून देतात. आणि एका दुसऱ्याच जातीची मादी, जी मुळींच कडू नाहीं, ती तसाच पोषाख करून त्याच्या आडोशानें फिरते. एवढें नाट्य एका टाकाऊ झुडपाभोंवतीं चालतें. या झुडपाची आणि या भूमींतल्या किड्यांची ओळख हजारों वर्षांची आहे. बोगनवेलीस ती ओळख करून घ्यावयास अजून अवधि मिळालेला नाहीं. देशीपणाचा आम्हांस पटणारा अर्थ हाच.

भाद्रपदांत आमच्या गांवचीं कुटुंबेंच्या कुटुंबें गाड्या करून साताऱ्यापलीकडे कासच्या पठारावर फुलें पाहावयास जातात. सोनकी, तेरडा, सीतेचीं आसवें पाहून धन्य होतात. 2012 सालापासून जागतिक वारसा म्हणून त्या स्थळाची ख्याति आहे, आणि ती योग्यच आहे. पण परत आल्यावर त्याच आठवड्यांत दारचा तेरडा व आघाडा ‘गवत’ म्हणून खुरपून काढितात, आणि हरतालिकेस पत्री बाजारांतून विकत आणतात. आम्हीहि हेंच करीत होतों, तेव्हां हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

शेजारच्या अण्णांचें म्हणणें मात्र निराळें आहे. भिंतीलगत आम्हीं पुन्हां निर्गुडी, अडुळसा व रुई वाढूं दिली, त्यावर ते एकदां स्पष्ट म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, तुमचीं पाखरें तुम्हांला लखलाभ. साप निघाला तर तो माझ्या नातवंडांकडे येणार.” त्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आजहि नाहीं. आपल्या देण्याची फेड दुसऱ्याच्या मुलांच्या जिवावर करण्याचा अधिकार कोणास आहे? शेवटीं त्यांच्या बाजूची दहा हात पट्टी आम्हीं मोकळी ठेविली आणि झाडें विहिरीकडे नेलीं. तत्त्वास थोडी मुरड पडली. पण अण्णा आतां संध्याकाळीं येऊन बसतात, आणि मागच्या वर्षीं रुईवर लटकलेला हिरवा कोश आम्हांस त्यांनींच दाखविला.

कढीलिंबाचा वाद आमच्या सौभाग्यवतींनींच मिटविला. विहिरीमागें त्यांनीं दुसरें रोप लाविलें, आणि आतां त्या स्वयंपाकघराजवळच्या झाडावरच्या अळ्या डब्यांत वेंचून तिकडे नेऊन सोडतात. “हें तुमचें, तें आमचें, असें त्यांना समजावून सांगाल काय?” असें त्या आम्हांस विचारतात, तत्त्वज्ञान शिकविणाऱ्याकडून त्यांची एवढीच अपेक्षा. फुलपाखरूं अर्थात् कोणतीच वांटणी मानीत नाहीं. पुढच्या झाडावर पुन्हां अंडीं असतातच. यंदाहि श्रावण संपण्यापूर्वीं मागचें रोप पार उघडें पडलें. त्यावर नुसत्या शिरा आणि कांड्या उरल्या, आणि डब्यांत अजून अकरा अळ्या शिल्लक होत्या. त्या कोठें न्याव्या, हें आम्ही दोघें बराच वेळ ओट्यावर उभे राहून बोलत होतों. अण्णांच्या परसांत लिंबाचें मोठें झाड आहे. पण त्यांस तें विचारावयाचें कोणीं, यावर अद्याप आमचें एकमत झालेलें नाहीं.