साठ म्हणजे किती?

कारंजा लाडमधल्या एका जुन्या घरात आजोबांच्या पोथ्या ठेवायला कोनाड्यात फळी बसवायची होती. पाचवीतल्या नातीने टेप लावून माप घेतलं आणि सुतारकाकांना चिठ्ठी धाडली : ‘फळीची लांबी 60.’

दुसऱ्या दिवशी काका खांद्यावर फळी घेऊन हजर. फळी चांगली पाच फूट आणि कोनाडा जेमतेम दोन फुटांचा!

“मी बरोबरच मोजलं होतं,” नात फुरंगटून म्हणाली. “शाळेत सेंटीमीटरच शिकवतात.”

“अन् म्या बरोबरच कापलं,” काका म्हणाले. “आमच्या धंद्यात इंचच चालते.”

आजोबांनी टेप ओढून दोघांपुढे धरला. एका काठावर इंच, दुसऱ्या काठावर सेंटीमीटर. “एक इंच म्हणजे 2.54 सेंटीमीटर. बारा इंचांचा एक फूट, म्हणजे 30.48 सेंटीमीटर. आता साठ इंच किती होतात, सांग.”

नातीने वहीवर गुणाकार केला. “152.4 सेंटीमीटर! बाप रे, अडीचपटीहून जास्त!”

“माप जुळलं नाही की काहीच जुळत नाही,” आजोबा म्हणाले. “आपल्या कारंज्याच्या शकुंतला रेल्वेचे रूळ अडीच फुटांवर, म्हणजे 762 मिलिमीटर. वाशीमच्या जुन्या मीटरगेजचे बरोबर 1000 मिलिमीटर. दोन्ही रूळच, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चालला नसता.”

नातीला एकदम आठवलं. “बाईंनी सांगितलं होतं! 1999 मध्ये नासाचं एक यान मंगळाजवळ नष्ट झालं. एका गटाचे आकडे पाउंडांच्या मापात होते, दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वापरले.”

“ऐकलं होतंस ना? मग चिठ्ठीत साठच्या पुढे काय लिहिलंस?”

नात गप्प झाली. काका हसले, “म्या तरी कुठं इचारलं, साठ काय म्हून?”

त्यांनी साठ सेंटीमीटरवर खूण करून करवत चालवली. फळी लांब होती म्हणून निभावलं. आखूड निघाली असती तर लाकूड वाया गेलं असतं.

तात्पर्य : नुसता आकडा म्हणजे अर्धंच माप. सांगणाऱ्याने आकड्यासोबत एकक सांगावं आणि त्याने सांगितलं नाही, तर ऐकणाऱ्याने कापण्याआधी विचारावं.